मागच्या काचेवरचे किडे

१

उत्तरेश्वर ढवळे पळून गेला, यावर सगळ्यांचं एकमत झालं होतं.

त्याची चंदेरी गाडी विमानतळाच्या रस्त्याला, एका बंद बंगल्याच्या भिंतीला लागून उभी सापडली होती. दारं कुलूपबंद, आत काही नाही, मालक बेपत्ता. हिंजवडीत स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी असलेला माणूस विमानतळाजवळ गाडी टाकून नाहीसा होतो, तेव्हा तो कुठे गेला असेल हे सांगायला पोलिसात असावं लागत नाही. त्या दिवशीच्या प्रवाशांत त्याचं नाव नव्हतं. त्यावरही "दुसऱ्या नावानं गेला असेल" असं उत्तर तयार होतं.

ठाण्यातलं बेपत्ता माणसांचं टेबल सहायक निरीक्षक नाजिमा बागवानकडे होतं. ते टेबल कुणी मागून घेत नसे. बाकीच्यांना चोर सापडायचे, खुनी सापडायचे, पेपरात फोटो यायचे. नाजिमाच्या वाट्याला यायची घरून निघून गेलेली माणसं, आणि ती सापडली तरी पुष्कळदा त्यांना सापडायचंच नसायचं. मग मागे राहिलेल्यांना काय सांगायचं, हे तिचं तिनं ठरवायचं. इतकी वर्षं ते ठरवून ती दमली होती. येरवड्याच्या घरी म्हातारी आई, अमिनाबी, रोज विचारायची, आज कोण सापडलं? हल्ली नाजिमा त्यावर नुसते बूट काढायची.

"बाई, पळालेल्यांच्या मागे आपण पळत नाही," मोठे साहेब म्हणाले. "गाडी बायकोला देऊन टाका आणि मिटवा प्रकरण."

तिनं उत्तरेश्वरच्या बायकोला निरोप धाडला. बायको आली, दीपमाला. बरोबर सासरेही होते. रंगराव ढवळे, लातूरकडचे, धोतर-टोपीतले. मुलगा नाहीसा झाल्याचं कळल्यापासून ते पुण्यात येऊन बसले होते. त्यांनी येताना एक बादली आणि जुन्या धोतराची फडकी आणली होती.

"सूनबाई, अशी घाण गाडी घरी न्यायची न्हाई," ते म्हणाले. "तो आला तर काय म्हणंल?"

दीपमालानं तोंड फिरवलं. आवारातल्या हवालदारांनी एकमेकांकडे पाहिलं. ऑक्टोबरचं ऊन तापलं होतं आणि गाडी कित्येक दिवस त्यात उभी होती. नाजिमानं नळावरून बादली भरून आणायला सांगितलं आणि स्वतः पायरीवर बसली. तिचे गुडघे दुखत होते.

"घासायचं न्हाई बरं का," म्हातारा फडकं पिळत सांगू लागला. "गावाकडं आला व्हता एकदा ही गाडी घिऊन. रातच्याला आलेला, समोर किडंच किडं चिकटल्यालं. म्या सकाळी काथ्या घिऊन घासाया बसलो. पळत आला, माझा हात धरला. म्हणला, आप्पा, वाळला किडा रंग खातोय, आन घासलं तर वरची चमकच जाती. ओलं फडकं टाकायचं, भिजू द्यायचं. मऊ झालं की आपसूक निघतंय."

बोलता बोलता ते गाडीच्या पुढे गेले. बॉनेटवर वाकले, हात फिरवला, मग कपाळाला आठ्या घालून मागे चालत आले. मागच्या काचेपाशी उभे राहून त्यांनी नाजिमाकडे पाहिलं.

"बाई, म्होरं तर कायच न्हाई. समदं किडं मागं चिकटल्यात. ही गाडी काय उलटी पळत आली का?"

२

नाजिमा उठली. गुडघ्यांची कुरकुर तिला त्या वेळी ऐकू आली नाही.

म्हातारा म्हणत होता ते खरं होतं. पुढच्या बंपरवर दोन-चार ठिपके होते, कुठल्याही गाडीवर असतात तसे. पण मागच्या काचेवर किड्यांचा सडा पडला होता. पिवळे, तपकिरी डाग, मध्येच एखादा सुकलेला पंख. टपाची मागची कडही तशीच माखलेली. आणि त्याहून नवल म्हणजे हे सगळं काचेच्या वरच्या अर्ध्या भागातच होतं. खालचा अर्धा भाग, डिकी, नंबरची पाटी, सगळं स्वच्छ. कुणी आडवी फळी धरून वरून रंग उडवावा, तसं.

रंगरावांनी ओलं फडकं काचेकडे नेलं.

"थांबा आप्पा. पुसू नका."

"का वो?"

"आधी फोटो काढून घेऊ."

त्यांनी फडकं परत बादलीत सोडलं. "मंग कधी पुसू?" त्यांनी विचारलं. ती मोबाइल काढून काचेपाशी वाकली.

दीपमालाला तिनं आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं. तिशीतली बाई, डोळ्यांखाली काळं. त्या आठवड्यात ती मांजरी गावात माहेरी होती, हे तिनं आधीच सांगितलं होतं. का होती, ते सांगितलं नव्हतं.

"भांडण झालं होतं," आता ती म्हणाली. "नवरा-बायकोचं होतं तसं. तो घरी यायचाच नाही, मॅडम. आला की लॅपटॉप. नाहीतर गाडी."

"गाडी शेवटची कधी धुतली होती, सांगता येईल?"

दीपमाला विचित्र हसली. "येईल. तो गेला त्याच दिवशी सकाळी. मी फोन केला होता. म्हटलं, आपणच आधी बोलावं. नळाचा आवाज येत होता. म्हणाला, गाडी धुतोय, नंतर बोलतो. मी म्हटलं, मग गाडीशीच बोल. आणि ठेवला फोन."

ती पंख्याकडे पाहत राहिली. नाजिमानं तिला पाणी दिलं. असल्या शेवटच्या बोलण्यांची तिला सवय होती. ती सवय झाल्याचंच तिला कधीकधी वाईट वाटायचं.

म्हणजे सकाळी गाडी धुतलेली होती. रात्री गस्तीच्या शिपायाला ती विमानतळाजवळ दिसली. मधल्या दिवसात हे किडे बसले, आणि तेही मागून.

"अहो, संध्याकाळी त्याला गाडी चालवताना योगेशनं पाहिलंय की," दीपमाला उठताना म्हणाली. "हिंजवडीतून निघताना. त्यानं तुम्हाला सांगितलं नाही?"

३

योगेश वाळिंबे हा उत्तरेश्वरचा कॉलेजपासूनचा मित्र आणि कंपनीतला भागीदार. त्याचं ऑफिस काचेचं होतं आणि आत एवढा गारवा होता की नाजिमानं पदर खांद्यावरून ओढून घेतला. तो उठून उभा राहिला, तिच्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला. चाळीसच्या आतला, रुंद खांद्यांचा, दाढी नीट कोरलेली.

"मॅडम, ऑनेस्टली, आम्ही सगळेच शॉकमध्ये आहोत," तो म्हणाला. "पण गेले काही महिने उत्तऱ्या डिस्टर्ब्ड होता. अमेरिकन कंपनी आम्हाला विकत घेतेय, त्याचं टेन्शन होतं. घरी प्रॉब्लेम. मला वाटतं, तो जस्ट तुटला."

"तुम्ही त्याला शेवटचं पाहिलंत कधी?"

"त्या संध्याकाळी. अंधार पडायच्या जरा आधी. मी खाली गेटपाशी होतो, तो गाडी घेऊन निघाला. मी हात केला, त्यानंही केला. एअरपोर्टला जायचंय म्हणाला होता. मला वाटलं, कुणाला आणायला जातोय."

"स्वतः चालवत होता?"

"ऑफ कोर्स. ती गाडी तो दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

त्याच्या मागच्या भिंतीवर एक मोठा फोटो होता. हिरवा डोंगर, खाली पसरलेलं पाणी, आणि पाण्यातून बाहेर येणारा उघडा, ओला योगेश, हसणारा. नाजिमा फोटो पाहतेय हे त्याच्या लक्षात आलं.

"कामशेतच्या आत आमचा प्लॉट आहे, धरणाच्या पाण्याला लागून," तो म्हणाला. "वीकेंड होम बांधायचंय. टीमला नेतो कधीकधी." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, मी कुणाचं नाव घेत नाही. पण रुपालीला एकदा भेटा. तिनं नेमका त्याच दिवशी राजीनामा दिलाय."

परतताना वाकडच्या पुलाआधीच जीप अडकली. पुढे कंपन्यांच्या बसेस, मागे कंपन्यांच्या बसेस, मध्ये दुचाक्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. संध्याकाळ झाली होती. रस्त्याच्या दिव्यांभोवती किड्यांचे थवे घोंघावत होते. नाजिमानं जीपच्या काचेकडे पाहिलं. एकही किडा चिकटला नव्हता.

"इथून विमाननगरपर्यंत असंच?" तिनं विचारलं.

"असंच की, मॅडम. ह्या रस्त्यावर किडा आपटून मरायचा नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मेला तर कंटाळून मरंल."

ती हसली नाही. किडे चिकटायला मोकळा रस्ता लागतो आणि वेग लागतो. उत्तरेश्वर अंधार पडताना हिंजवडीतून या गर्दीत निघाला असेल, तर रात्री गाडी सापडेपर्यंत त्याला असा रस्ता मिळाला कधी? आणि मिळाला असला, तरी भरधाव गाडी उलटी कोण चालवतं?

४

रुपाली औंधला दोन मैत्रिणींबरोबर भाड्यानं राहत होती. दार उघडून तिनं खाकी साडी पाहिली आणि मटकन स्टुलावर बसली.

"मला माहीत होतं तुम्ही येणार. ऑफिसमध्ये काय बोलतात तेही माहितीय. माझं आणि सरांचं काहीही नव्हतं, मॅडम. माझ्याशी ते एक तर कामाबद्दल बोलले असतील, नाहीतर गाडीबद्दल."

"मग राजीनामा का?"

तिनं मैत्रिणींना आतल्या खोलीत जायला सांगितलं. मग जे सांगितलं ते नाजिमाला सगळं कळलं नाही, पण मुद्दा कळला. अमेरिकन कंपनी जे सॉफ्टवेअर विकत घेणार होती, त्यातला महत्त्वाचा भाग या दोघांचा नव्हताच. योगेशनं तो एका जुन्या ग्राहकाकडून, त्यांचं काम करत असताना, गुपचूप उचलला होता. ते रुपालीला सापडलं आणि तिनं उत्तरेश्वरला दाखवलं.

"सर इतके गप्प झाले. मग म्हणाले, हे मी विकू देणार नाही. योगेशशी बोलतो, पण ऑफिसात नको, बाहेर कुठेतरी निवांत. मी घाबरले. दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा टाकला आणि निघून आले. तेव्हा सर यायचे होते. नंतर कळलं, ते गेलेच."

"बाहेर म्हणजे कुठे, काही बोलले?"

"नाही." ती ओढणीचं टोक पिळत राहिली. "मॅडम, ते पळणारे नव्हते. पळाले मी."

घरी जाताना नाजिमाच्या डोळ्यांपुढून ती काच हलत नव्हती. वरचा अर्धा भाग माखलेला, खालचा अर्धा कोरा. गाडी उलट्या तोंडानं वेगात आली आणि खालच्या भागाच्या पुढे काहीतरी आडवं होतं. काय असेल? सिग्नलला तिच्या जीपशेजारी एक ट्रक थांबला. त्यावर दोन नव्या मोटारी चढवलेल्या होत्या. पुढच्या मोटारीचा खालचा भाग ट्रकच्या केबिनमागे झाकला होता, टप तेवढा वर दिसत होता.

सिग्नल सुटला, पण नाजिमानं ड्रायव्हरला हातानं थांबवलं. मागचे हॉर्न ओरडू लागले. ड्रायव्हरनं विचारलं, "मॅडम, काय झालं?"

"मेलाय तो," नाजिमा म्हणाली. "गाडी त्यानं आणलीच नाही."

५

बंद पडलेल्या मोटारी सपाट पाठीच्या ट्रकवर घालून नेणारे लोक योगेशच्या प्लॉटकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई रस्त्याला फार नव्हते. कामशेतच्या फाट्यावर पत्र्याच्या शेडपुढे सर्जेराव नावाचा आडव्या अंगाचा माणूस चाकाची हवा पाहत होता. गाडीचा फोटो दाखवल्याबरोबर म्हणाला, "व्हय, म्याच नेली की. इमानतळाकडं. काय झालं म्यॅडम, काय लफडं हाय का?"

"कुणी बोलावलं?"

"दाढीवाले साहेब व्हते, अंगानं मजबूत. म्हनले, मित्राची गाडी हाय, चावी पान्यात पडली. मित्र म्हनं दुसऱ्या गाडीनं म्होरं गेला. आता चावी न्हाई म्हनल्यावर चाकं फिरत न्हाईत, लई तरास झाला. त्यात गाडीचं तोंड पार पान्याकडं. म्होरनं धरायला जागाच न्हाई. मंग मागनं साखळी लावली आन तशीच उलटी चढवली. साहेब त्यांच्या गाडीनं माझ्या मागं व्हते."

"वेळ कुठली?"

"दिवस बुडताना निघालो. पावसाळा नुकता संपल्याला, पान्याची बाजू. किड्यांनी काच भरली पार, मला दोनदा उतरून पुसाया लागली."

तो तिला जागा दाखवायला घेऊन गेला. डांबरी रस्ता सोडून कच्च्यानं खाली उतरलं की तारेचं कुंपण होतं. आत गवत, आणि गवत संपतं तिथे खडकाचा कडा. कड्याखाली पाणी, हिरवं आणि खोल. समोर तोच डोंगर होता, जो तिनं फोटोत पाहिला होता.

नाजिमा कड्याच्या टोकाशी जाऊन खाली वाकून पाहू लागली. सर्जेराव मागे घुटमळत होता.

"म्यॅडम," तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "त्याच आठवड्यात पल्याडच्या अंगाला एक मढं वर आलतं. वळख पटली न्हाई. पोलिसांनी काही दिस ठेवलं आन बेवारस म्हनून जाळलं."

पलीकडचं ठाणं ग्रामीणमध्ये होतं, नाजिमाचं शहरात. इकडे बेपत्ता माणूस, तिकडे बेवारस देह, आणि दोन्हींच्या मध्ये फोन करायला कुणाला सुचलं नव्हतं, तिलाही नाही. तिनं तिथूनच फोन लावला. पलीकडच्या हवालदारानं कुठेतरी जाऊन शोधलं आणि परत येऊन सांगितलं.

"कपडे हायत ठेवल्याले. खिशात पाकीट न्हवतं. फक्त एका मोटारीची किल्ली."

६

योगेशला तिनं ठाण्यात बोलावलं, पण आत नेलं नाही. आवारात, गाडीपाशीच थांबवलं.

"सापडला का तो?" त्यानं विचारलं.

"ही काच बघा."

त्यानं पाहिली. "किडे आहेत. मग?"

"तुम्ही म्हणालात, संध्याकाळी तो ही गाडी हिंजवडीतून चालवत निघाला. रात्री गाडी विमानतळाजवळ उभी होती. त्या दिवशी सकाळीच ती धुतलेली होती. मग हे किडे मधल्या वेळात लागले. पुढे दोन-चार, मागे हे एवढे. म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावरून वेगात आली ती मागच्या बाजूनं. आणि ते फक्त वरच लागलेत, कारण खालचा भाग ट्रकच्या केबिनमागे होता. ट्रकवर घातलेली गाडी कुणी चालवत नसतो, साहेब. तुम्ही ज्याला हात केलात तो तिथे नव्हता."

योगेशनं आवाराच्या फाटकाकडे पाहिलं.

"गाडी ट्रकवर का घालावी लागली? किल्ली नव्हती म्हणून. उलटी का घातली? तोंड पाण्याकडे होतं म्हणून. बंद गाडी तुमच्या प्लॉटवर राहिली असती तर सगळे तिथेच शोधायला आले असते. विमानतळाजवळ ठेवली की माणूस पळाला. सर्जेराव आत बसलाय. त्यानं तुम्हाला खिडकीतून ओळखलं."

त्यानं डिकीला हात टेकला. ऊन फार होतं. पत्र्याचा चटका बसून त्यानं हात मागे घेतला.

"तो ऐकतच नव्हता," तो म्हणाला. इंग्रजी गळून पडलं होतं. "मी किती समजावलं. साठ लोकांचे जॉब आहेत म्हटलं. त्याचं एकच, मी सांगणार. मी ढकललं त्याला, हो, ढकललं. पण पाण्यात पाडायचं नव्हतं. तो दगडावरून घसरला. मॅडम, त्याला पोहता येत नव्हतं."

"तुम्हाला येतं," नाजिमा म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. हवालदारानं त्याचा दंड धरला, तेव्हा तो निमूट चालू लागला.

मोठे साहेब खिडकीतून हे पाहत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात त्यांचा फोटो आला.

७

रंगरावांना नाजिमानं स्वतः सांगितलं, उत्तरेश्वरच्या घरी जाऊन. काही लपवलं नाही. ते भिंतीला टेकून बसले होते. ऐकून झाल्यावर बराच वेळ त्यांनी टोपी हातात नुसती फिरवली. दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं चौकट घट्ट धरली होती.

"बाई," म्हाताऱ्यानं विचारलं, "त्याला आग देताना कुणी व्हतं का?"

होते सगळे, व्यवस्थित झालं, असं सांगता आलं असतं. तिनं पुष्कळांना पुष्कळदा तसं सांगितलं होतं.

"पोलीस होते आप्पा. आपलं कुणी नव्हतं."

त्यांनी मान हलवली. "मला तितं घिऊन चला."

तिघं धरणापलीकडच्या गावी गेले. स्मशान ओढ्याच्या काठाला होतं, पत्र्याचं छप्पर आणि एक मोठी चिंच. तिथलं काम पाहणारा सोनबा नावाचा वाकलेला माणूस पुढे आला. नाजिमानं सांगितल्यावर तो चिंचेखाली गेला. खालच्या फांदीला फडक्यांत बांधलेली गाडगी टांगलेली होती. त्यातलं एक त्यानं दोन्ही हातांनी सोडवलं.

"पोलीस म्हनले, पान्यात सोडून दे," तो म्हणाला. "म्हनलं, ऱ्हाऊ दे. कुनीतरी असंलच की त्याचं."

रंगरावांनी हात पुढे केले, पण गाडगं दीपमालानं घेतलं. तिनं ते छातीशी धरलं आणि तिथेच मातीत बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. म्हातारा तिच्याशेजारी बसला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून राहिला.

नाजिमा थोडी बाजूला सरकली. तिला घरी जायचं होतं, पाय वर करून पडायचं होतं. प्रकरण संपलं होतं; आईला आज काय सांगायचं तेही तिला माहीत होतं. तिची नजर वर गेली. फांदीला अजून पाच-सहा गाडगी होती, काही नवी, काहींची फडकी पावसानं काळी पडलेली.

"ही कुणाची?" तिनं विचारलं.

"म्हाईत न्हाई, बाई. कुनी आलंच न्हाई."

ती चिंचेच्या मुळीवर टेकली. गुडघे दाबले. मग बोटानं सगळ्यात जुन्या, काळ्या फडक्याकडे दाखवून म्हणाली,

"ह्याच्यापासून सांगा. बाई होती की पुरुष?"